भांडणाचं पान

कोठी नावाच्या भागातल्या एका क्लिनिकमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत एक टॅब्लेट होता आणि त्या टॅब्लेटमध्ये आमच्या टीमची आठ महिन्यांची मेहनत. ज्या मुलांना बोलता येत नाही, किंवा ज्यांचं बोलणं घराबाहेर कुणाला कळत नाही, त्यांच्यासाठी आम्ही एक अ‍ॅप बनवलं होतं. पडद्यावर चित्रं, चित्रावर बोट ठेवलं की टॅब्लेट त्याचं वाक्य मोठ्यानं बोलणार. चित्र कसं असावं, किती मोठं असावं, कुठे असावं, हे ठरवणं माझं काम. मी चोवीस चित्रं काढली होती. पाण्याचा पेला, ताट, उशी, पंखा, औषधाची बाटली, शौचालयाचं दार. सगळ्यांच्या कडा गोल, रंग फिकट, ओळीत अगदी काटेकोर बसवलेली. ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं होतं आणि त्या कौतुकातच मी मेट्रोतून उतरून क्लिनिकचा जिना चढले.

क्लिनिक म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या पुढच्या, तेलुगू, आवाज असा की खालच्या दुकानातही ऐकू जावा. त्या तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात वापरायच्या. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे.

"बस अम्मा," त्या म्हणाल्या. वय विचारात न घेता सगळ्या बायकांना त्या अम्माच म्हणत. "आमची परीक्षक आली आहे."

परीक्षक आठ वर्षांची होती. लाकडी खुर्चीत, कमरेला पट्टा, समोर ट्रे, केस तेल लावून चप्प बसवलेले. जन्मापासूनच तिचे स्नायू तिचं ऐकत नसत. मान डोलायची, डावा हात मुठीतच असायचा, आणि बोलायला गेली की घशातून एक लांब आवाज निघायचा, ज्याचा अर्थ फक्त तिच्या अम्मीला लागायचा. उजव्या हाताचं एक बोट मात्र, सावकाश का होईना, तिला हवं तिथे पोचायचं. अम्मी शेजारी स्टुलावर बसली होती, बुरख्याचा नकाब वर केलेला, पर्स मांडीवर धरून.

मी टॅब्लेट ट्रेवर ठेवला आणि पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवून दाखवलं. "मुझे पानी चाहिए," टॅब्लेटमधली बाई शुद्ध, गोड आवाजात म्हणाली. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. बोट निघालं, थरथरत सगळ्या चित्रांवरून फिरलं आणि शौचालयाच्या दारावर टेकलं.

"मुझे शौचालय जाना है."

अम्मी ताडकन उठली. पट्टा सोडला, लेकीला उचललं, व्हरांड्याच्या टोकाच्या बाथरूमपर्यंत नेलं. दोन मिनिटांनी परत. काही झालं नव्हतं. मुलीला खुर्चीत बसवते न बसवते तोच पुन्हा "मुझे शौचालय जाना है". पुन्हा वरात. यावेळी मीही दार धरायला धावले. तिसऱ्या वेळी मॅडमही उठल्या. चौथ्या वेळी मात्र मॅडमनी हात वर करून आम्हाला थांबवलं आणि मुलीच्या तोंडाकडे बघितलं. ती खदखदून हसत होती. अख्खं अंग हसत होतं, खुर्ची करकरत होती, हनुवटीवरून लाळ गळत होती.

"तुझ्या चोवीस चित्रांत एकच चित्र असं आहे, जे दाबलं की मोठी माणसं पळतात," मॅडम मला म्हणाल्या. "तिनं पाच मिनिटांत तुझं अ‍ॅप तपासून टाकलं."

मलाही हसू आलं, पण खोटं कशाला सांगू, आतून मी चांगलीच दुखावले. बाकीच्या तेवीस चित्रांकडे तिनं ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर मॅडमनी विचारलं, "त्यात बोलण्यासारखं काय आहे? तहान लागली तर ती न बोलताही अम्मीला कळतं. तू दवाखान्यातल्या पेशंटसाठी चित्रं काढलीस. ही पेशंट नाही, पोरगी आहे. या वयाची पोरं दिवसभर काय बोलतात ते जाऊन ऐक. शब्द न् शब्द लिहून काढ. आणि तुला आवडले नाहीत म्हणून गाळू नकोस."

मुलीचं घर सुलतान बाजारच्या कापडदुकानांच्या मागच्या गल्लीत होतं. हा भाग माझ्या पायांना न विचारता ठाऊक आहे, कारण मी तिथेच दोन गल्ल्या पलीकडे वाढले. आजोबा परभणीकडून जुन्या संस्थानाच्या नोकरीसाठी इथे आले आणि राहिले. घरात मराठी, भिंतीपलीकडे तेलुगू, उंबरा ओलांडला की दखनी, म्हणजे इथली उर्दू. पुण्याच्या मावसबहिणी सुट्टीत आल्या की 'हो'च्या जागी येणाऱ्या माझ्या 'हौ'ला हसत, आणि मी मुद्दाम दर वाक्यात एक 'हौ' घालत असे. नोकरी लागल्यावर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींकडे राहायला गेले आणि माझी दखनी रिक्षावाल्यांपुरती उरली.

अम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करायची. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनशेजारी लेकीची खुर्ची, आणि उरलेल्या जागेत गल्लीतली पाचसहा पोरं लुडो खेळत बसलेली. मी सलग तीन शनिवार तिथे कोपऱ्यात वही घेऊन बसले. पोरं पहिल्या दहा मिनिटांत मला विसरली. माझ्या वहीत जे उतरलं त्यात 'मुझे पानी चाहिए' एकदाही नव्हतं. होतं ते असं: 'नक्को', 'हट', 'मेरी बारी', 'फिर से', 'काइकू?', 'अम्मी देखो', 'चीटिंग!', 'तेरेकू क्या?', 'चुप', 'हौ तो हौ', आणि पुन्हा 'नक्को'. नक्को तर इतक्या वेळा, की मी लिहायचं सोडून नुसत्या उभ्या रेघा मारू लागले. आमचाच 'नको' तो. या शहरात राहून त्यानं एक 'क' जास्तीचा कमावला, एवढंच.

दुसऱ्या शनिवारी एक गोष्ट घडली. वरच्या मजल्यावरची नऊ वर्षांची एक मुलगी होती, तोंडानं फटकळ, आवाज घंटेसारखा. तिनं फासा टाकला, दोन पडले, आणि कुणी बघत नाही असं पाहून तिनं सोंगटी पाच घरं पुढे सरकवली. खुर्चीतल्या मुलीनं ते पाहिलं. तिनं घशातून जोरात आवाज काढला, हात ट्रेवर आपटला, पुन्हा आवाज काढला. अम्मीनं मशीन थांबवलं. "पानी होना क्या माँ?" म्हणत ती उठली आणि पेला तिच्या ओठांना लावला. मुलीनं तोंड फिरवलं. पाणी फ्रॉकवर सांडलं. "आज मिजाज खराब है," अम्मी मला म्हणाली आणि टॉवेल आणायला गेली. मुलगी भिंतीकडे बघत राहिली. पोरांचा डाव चालूच होता.

मी त्या सोंगटीकडे बघत होते. मला सगळं कळलं होतं आणि तरी मी तोंड उघडलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा आपण पाहुण्या आहोत म्हणून. पण त्या दिवशी घरी जाऊन मी चोवीसच्या चोवीस चित्रं बाजूला ठेवली आणि नव्यानं सुरुवात केली.

नव्या पडद्यावर 'नक्को' सगळ्यांत मोठं, उजव्या हाताच्या बोटाखाली. 'हौ' त्याच्या वर. 'देखो', 'फिर से', 'काइकू', 'दूसरा', 'खेलने', 'चलो' हे शब्द कायम आपापल्या जागी, म्हणजे बोटाला सवय व्हावी. पाणी आणि शौचालय होतंच, पण कडेला. आणि एक पान वेगळं, लाल कडेचं. त्यावर 'हट', 'चुप', 'चीटिंग', 'झूठी', 'तेरेकू क्या', 'जाओ, बात नहीं करती'. टीमच्या मीटिंगमध्ये मी त्याला सरळ 'भांडणाचं पान' म्हटलं.

आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्याच वयाचा. त्याला दोन मुली. पान बघून तो म्हणाला, "अगं, लहान मुलांच्या अ‍ॅपमध्ये 'चुप'? आईबाप काय म्हणतील?"

"तुझ्या मुली एकमेकींना काय म्हणतात?"

"त्या म्हणतात. पण ते काय आपण शिकवतो का?"

"त्यांना शिकवावं लागलं नाही, कारण त्यांना जीभ आहे. हिला आपण दिल्याशिवाय कुठून मिळणार?"

त्यानं पान पुन्हा एकदा वरून खाली बघितलं. मग म्हणाला, "धाकटी काल मला 'गपे' म्हणाली. बापाला." आणि पान राहिलं. त्या बदल्यात त्यानं एक गोष्ट मागितली, मोठ्यांसाठी कुलूप. आईवडिलांना हवं तेव्हा अ‍ॅप बंद करता यावं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पिवळ्या रंगाचं एक छोटंसं गोजिरवाणं कुलूप काढून कोपऱ्यात बसवलं.

राहिला आवाजाचा प्रश्न. पहिल्या दिवशीची गोड बाई अम्मीला बिलकूल पसंत नव्हती. "मेरी बच्ची नामपल्ली स्टेशन की अनाउन्समेंट वाली बाई जैसा काइकू बोलेगी?" ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. आठ वर्षांच्या मुलीला आठ-नऊ वर्षांच्या मुलीचाच आवाज हवा. मग एका रविवारी त्या घरात निवड ठरली. गल्लीतल्या चार मुली आणि दोन चुलतबहिणी वेण्या घालून, पावडर लावून हजर. जणू कुणी फोटोच काढणार होतं. अम्मीनं मशीन बंद केलं, दाराला जाड रजई टांगली. मी फोनवर रेकॉर्ड करणार आणि निवड खुर्चीतली परीक्षक करणार.

प्रत्येकीनं तीन शब्द बोलायचे. पहिली लाजली. दुसरीनं शाळेत कविता म्हणावी तसं 'नक्को' म्हटलं. तिसरीला हसूच आवरेना. परीक्षक बाई सगळ्यांकडे निर्विकार चेहऱ्यानं बघत होत्या. मग वरच्या मजल्यावरची फटकळ पोरगी पुढे आली, कमरेवर हात ठेवले आणि असा काही 'नक्को' फेकला की रजईपलीकडून एका भाजीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ?" खुर्चीतली मुलगी दोन्ही पाय झाडत हसली. तिचं बोट माझ्या फोनकडे आलं आणि तिथेच राहिलं. निवड झाली होती.

त्या पोरीनं पावणेदोनशे शब्द आणि वाक्यं दोन दुपारींत बोलून दिली, तीही अगदी रुबाबात. 'चुप'च्या वेळी मात्र तिनं अम्मीकडे बघून आधी परवानगी घेतली.

नवीन टॅब्लेट हातात आल्यावर पहिले दोन आठवडे मुलगी नुसती चाचपडत होती. मॅडमनी आम्हाला बजावलं होतं, की तिला 'हे म्हण, ते म्हण' करायचं नाही. आपण बोलताना आपणच चित्रं दाबायची, तिनं बघायचं. अम्मी त्यामुळे दिवसभर टॅब्लेटवर 'चलो' आणि 'देखो' दाबत फिरायची आणि शेजारणी तिला हसायच्या. "आपा, मेरेकूच बोलना नई आता समझते लोगां," ती मला म्हणाली.

मग एका शनिवारी मी तिथे असताना लुडोचा डाव रंगला होता. वरच्या मजल्यावरची नेहमीप्रमाणे सोंगटी सरकवायला गेली. बोट लाल पानावर आलं. मला ते येताना दिसत होतं, सावकाश, वाटेत दोनदा थांबून. आणि घंटेसारख्या आवाजात टॅब्लेट ओरडला, "चीटिंग!"

सगळी पोरं थिजली. आधी सगळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे बघितलं, कारण आवाज तिचा होता. तिनं स्वतःचं तोंड हातानं झाकलं, जणू तिथूनच शब्द निसटला. बोट पुन्हा टेकलं. "चीटिंग! झूठी!"

"अगे, मेरीच आवाज में मेरेकूच चीटर बोल री!" ती किंचाळली. मग अशी काही धमाल उडाली की अम्मीची सुई तुटली. सोंगटी मागे गेली. त्या दिवसापासून पोरांनी पट खुर्चीच्या ट्रेवर मांडायला सुरुवात केली, कारण आता पंच मिळाला होता. आणि लवकरच पंचाला खेळायचंही होतं.

पुढच्या काही आठवड्यांत अम्मीचे मला फोन येत राहिले. कधी हसत, कधी गोंधळलेली. एकदा तिचा आवाज वेगळाच होता. लेकीला गिळायला त्रास म्हणून ती सात वर्षं तिला मऊ खिचडी भरवत होती, दूध घालून, रोज रात्री. आणि आदल्या दिवशी लेकीनं ताटाकडे बघून म्हटलं होतं, "खिचडी नक्को." अम्मीला वाटलं पोट दुखत असेल. तर पुन्हा, "खिचडी नक्को. दूसरा."

"आपा, सात साल," ती म्हणाली. "मैं सबकू बोलती थी, इसकू खिचडी बहुत पसंद. मैं समझती थी इसके दिल की सब बातां मेरेकू मालूम."

मग मी विचारलं, "मग काय पाहिजे म्हणाली?"

अम्मीला रडता रडता हसू फुटलं. "खट्टी दाल. लाल मिर्ची का बघार डाल के. भात में मसल के दी, तो पूरी कटोरी खाई. अब रोज येईच होना बोलती." आता लेकीला रोज हेच हवं होतं.

असं सगळं छान चाललेलं असताना मॅडमचा निरोप आला की ताबडतोब क्लिनिकमध्ये ये. मी गेले तर मुलगी खुर्चीत मान खाली घालून बसलेली. ट्रेवर टॅब्लेट होता, चालूही होता, पण सगळी चित्रं राखाडी. कोपऱ्यात माझं पिवळं कुलूप चमकत होतं. मुलगी मधूनच बोट उचलायची, 'देखो'वर ठेवायची. काहीच आवाज नाही. पुन्हा ठेवायची.

"हे कुणी लावलं?" मॅडमनी विचारलं. माझ्याकडे नाही, अम्मीकडे बघून.

अम्मीनं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी घरी सासरकडचे पाहुणे आले होते. अम्मी कुणाला तरी लेकीच्या लहानपणाचे हाल सांगत होती, जन्माच्या वेळी काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. लेक शेजारीच बसलेली. आणि सगळ्यांच्या देखत टॅब्लेट म्हणाला, "चुप." अम्मीनं दुर्लक्ष केलं तर, "अम्मी, चुप." पाहुण्यांसमोर मान खाली गेली. शिक्षा म्हणून अम्मीनं कुलूप लावलं ते तीन दिवस काढलंच नव्हतं.

"तुझ्या गल्लीतली दुसरी पोरं उलट बोलली तर त्यांच्या आया काय करतात?" मॅडमनी विचारलं.

"दो लगाते. चिल्लाते."

"मग तूही ओरड की! तिला तो हक्क आहे, ओरडून घेण्याचा. पण त्या आया पोरांच्या जिभा काढून कपाटात ठेवतात का तीन-तीन दिवस?"

अम्मीचा चेहरा पडला. पण मला ठाऊक होतं, की कुलूप लावायची कल्पना तिची नव्हती. ते मी काढलं होतं, रंगवलं होतं, तिला हाताशी येईल अशा कोपऱ्यात ठेवलं होतं. मी तसं सांगितलं. मॅडम रागावतील असं वाटलं होतं, पण त्या इतकंच म्हणाल्या, "मग काढून टाक." मी टॅब्लेट घेतला, चार आकडे दाबले, चित्रांना रंग परत आला.

आणि मग अम्मीनं जे केलं ते मला फार आवडलं. तिनं स्टूल लेकीसमोर ओढलं, बोट रोखलं आणि तिला झाडायला सुरुवात केली. पाहुण्यांसमोर असं बोलतात का, मोठ्यांना चुप म्हणतात का, दादी काय म्हणाली असेल, हेच शिकवलं का मी तुला! दोन मिनिटं तिनं श्वास घेतला नाही. मुलीचे डोळे मोठे होत गेले. आठ वर्षांत तिला कुणी उलट बोलल्याबद्दल रागावलं नव्हतं. रागावण्यासारखं ती कधी बोललीच नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले होते, पण गालावरचं हसू काही दाबलं जाईना. शेवटी बोट निघालं.

"काइकू बोले उनकू? मेरी बात."

तिनं एवढी चित्रं एकापाठोपाठ प्रथमच जुळवली होती. जुळवायला मिनिटभर तरी लागलं असेल. अम्मी मध्येच थांबली. माझी गोष्ट त्यांना का सांगितलीस, असं लेक विचारत होती. मग अम्मी हळूच म्हणाली, "अच्छा. अब नई बोलती. पूछ के बोलती." आणि तिनं लेकीची हनुवटी ओढणीनं पुसली.

ऑफिसात कुलूप काढायला मला फारसं भांडावं लागलं नाही. मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. मॅनेजरनं टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाला, "काढ. आईबापांना मी उत्तर देईन."

त्यानंतर ईदसाठी केसांच्या क्लिपा घ्यायला अम्मी निघाली तेव्हा मीही सोबत गेले. टॅब्लेटची खरी परीक्षा बाजारात होणार होती आणि पहिल्या पाच मिनिटांतच आम्ही सपशेल नापास झालो. उन्हात पडदा आरशासारखा झाला. चित्रांऐवजी मला माझंच नाक दिसायला लागलं. गाड्यांचे भोंगे, सेल पुकारणारी पोरं, बाजूच्या दुकानातलं गाणं. या सगळ्यात टॅब्लेटचा आवाज डासाएवढा. मुलगी 'देखो, देखो' करत होती आणि आम्ही खुर्ची ढकलत पुढेच चाललो होतो. शेवटी तिनं ट्रेवर हात आपटला तेव्हा आम्ही थांबलो. ज्या दुकानासमोर थांबायचं होतं ते केव्हाच मागे पडलं होतं.

आम्ही मागे फिरलो. दुकानदार म्हातारे गृहस्थ, मारवाडी, चष्मा कपाळावर. त्यांनी अम्मीला विचारलं, "बच्ची के वास्ते? कौन सा रंग दूँ?"

अम्मी उत्तर द्यायला तोंड उघडत होती. मी तिच्या दंडाला हात लावला. बोट चाललं होतं. टॅब्लेट काहीतरी बोलला, पण ते त्यांच्याच दुकानातल्या गाण्यात बुडालं. दुकानदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याकडे बघितलं, मग आत वळून ओरडले, "अरे, वो गाना बंद करो!" गाणं बंद झालं. "हाँ बेटा, फिर से बोलो."

"मेरे से पूछो," टॅब्लेट म्हणाला.

म्हाताऱ्यांनी हात जोडले. "गलती हो गई." आणि गल्ल्यामागून बाहेर येऊन त्यांनी क्लिपांचे ट्रे तिच्या खुर्चीच्या ट्रेवरच मांडले. मग सुरू झालं. गुलाबी? नक्को. मोत्यांची? नक्को. फुलपाखराची? दूसरा. मी मोजत नव्हते, पण दुकानात आमच्या मागे चार बायका खोळंबल्या होत्या आणि एकीही कुरकुरत नव्हती. उलट सगळ्या मिळून सल्ले देत होत्या, आणि मुलगी तेही नाकारत होती. अखेर तिनं एक भडक हिरवी, चमकीवाली क्लिप निवडली, जी अम्मीनं आयुष्यात कधी घेतली नसती. "ये?" अम्मी म्हणाली. "हौ," लेक म्हणाली. लगेच पुन्हा, "हौ तो हौ."

ऑफिसात परतल्यावर मी रंग गडद केले, फिकट चित्रं कायमची गेली, आणि टॅब्लेटला एक छोटा स्पीकर जोडला, जो खुर्चीच्या हातावर बसतो. कागदावरही तीच पानं छापून प्लॅस्टिकमध्ये घातली, उन्हासाठी आणि बॅटरी संपल्यावर. आता ते अ‍ॅप आणखी काही मुलं वापरतात, एक तेलुगू रूपही झालं आहे, आणि त्यासाठी 'वद्दु' म्हणजे नको म्हणायला मॅडमनीच एक खणखणीत आवाजाची पोरगी शोधून दिली.

गेल्या महिन्यात मी क्लिनिकमध्ये गेले होते. मुलगी आता शाळेत जाते. तिथून अम्मीला बोलावणं आलं होतं आणि ती मॅडमना त्याच विषयी विचारायला आली होती. लेकीनं गृहपाठ केला नव्हता. टीचरनं विचारल्यावर तिनं टॅब्लेटवर सांगितलं, "घर पे भूल गई." वही दप्तरातच होती, कोरी.

"झूठ बोली, मॅडम," अम्मी काळजीनं म्हणाली. "साफ झूठ."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "पहिलं खोटं?"

"पहला."

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की खालच्या औषधांच्या दुकानातून कुणीतरी वर डोकावून गेलं. "तीस वर्षं मी हे काम करते," त्या म्हणाल्या. "मूल पाणी मागायला लागलं की आईबाप मला मिठाई आणून देतात. खोटं बोललं की तक्रार घेऊन येतात. अगं अम्मा, याचीच तर मिठाई पाहिजे!" मग मुलीकडे वळून, आवाज कडक करून त्यांनी विचारलं, "वही कुठे होती?"

मुलीनं बराच वेळ पडद्याकडे बघितलं. बोट एका चित्राकडे गेलं, थांबलं, दुसरीकडे गेलं. आम्ही तिघी वाट बघत होतो.

"मालूम नई," टॅब्लेट म्हणाला.

अम्मीनं कपाळावर हात मारला, पण तिलाही हसू लपवता आलं नाही. घरी जाऊन दोन पानं जास्त लिहायची, अशी शिक्षा तिथेच ठरली आणि मुलीनं ती 'नक्को' न म्हणता मान्य केली. मग तिनं दाराकडे बघत दोन चित्रं दाबली, "खेलने. चलो." अम्मीनं खुर्ची वळवली, वॉचमनला आणि औषधांच्या दुकानातल्या पोऱ्याला हाक मारून तिघांनी ती जिन्यावरून खाली उतरवली, आणि मी व मॅडम उरलेला चहा पीत बसलो.